छातीवरची पट्टी : सकाळी लावा, रात्री काढा
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील आरोग्यविषयक भाषण)



या कार्यक्रमात तुम्ही नेहमी छाटणी, खतं, फवारणी, कांद्याची साठवण यांबद्दल ऐकता. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचं आहे ते बाग करणाऱ्या माणसाबद्दल, त्याच्या काळजाबद्दल, आणि काळजाच्या दुखण्यावर डॉक्टर जी औषधी पट्टी देतात तिच्याबद्दल. ही पट्टी दिसायला अगदी साधी असते. जखमेवर लावतो तशी. पण तिच्यात औषध असतं, ते कातडीतून रक्तात जातं, आणि ते किती वेळ जाऊ द्यायचं याला हिशेब आहे. तो हिशेब चुकला की औषध कामाचं राहत नाही, नाहीतर उलट अंगावर येतं.

माझ्याकडे येणाऱ्या रोग्यांत निफाड, दिंडोरी, चांदवड या भागातली माणसं पुष्कळ. त्यांच्यापैकी दोघांची हकिगत आधी सांगतो.

एक आबा होते. द्राक्षाची बाग, साठी ओलांडलेली. बांधाचा चढ चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, थांबलं की राहायचं. डॉक्टरांनी तपासून हृदयशूळ असल्याचं सांगितलं आणि गोळ्यांबरोबर पट्टी लिहून दिली. पहिल्या दिवशी आबांना इतकं बरं वाटलं की ते म्हणाले, आता ही पट्टी काढायचीच नाही. मग एक पट्टी निघेपर्यंत ठेवायची आणि ती निघाली की लगेच दुसरी लावायची, असं चालू झालं. आठ-दहा दिवसांत छाती पुन्हा पहिल्यासारखी आवळायला लागली. मी विचारलं, "आबा, रात्री पट्टी काढत होतात ना?" तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चांगली चिकटलेली पट्टी, पैसे मोजलेत तिचे. काढून कशाला टाकू?"

दुसरी हकिगत एका मावशींची. त्यांची पट्टी सूनबाई लावून द्यायची. सून मोठी मायेची. रोज सकाळी आठवणीनं नवी पट्टी लावायची. पण जुनी काढायची हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी खळ्यात कांदे निवडायला बसल्या होत्या. उठायला गेल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडल्या. मनगट मोडलं. तपासताना त्यांच्या खांद्यावर आणि पाठीवर मिळून तीन पट्ट्या निघाल्या.

दोघांचीही चूक एकच. पट्टी लावायचं माहीत होतं, काढायचं माहीत नव्हतं. म्हणून आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. पट्टी लावणं हे अर्धं औषध, आणि वेळेवर काढणं हे उरलेलं अर्धं.

हृदयशूळ म्हणजे काय?

काळीज हा एक पंप आहे. तो रात्रंदिवस चालतो. त्या पंपालाही रक्त लागतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. या वाहिन्या आतून चरबीनं अरुंद झाल्या, की बसल्या जागी रक्त पुरतं, पण चढ चढताना, ओझं उचलताना, जेवणावर लगेच चालताना किंवा कडाक्याच्या थंडीत ते पुरत नाही. मग छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखतं. कधी ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात जातं. थांबलं की थोड्या मिनिटांत राहतं. यालाच हृदयशूळ किंवा अंजायना म्हणतात.

पट्टीतलं औषध शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल करतं. मोठ्या शिरा सैल झाल्या की काळजाकडे एका वेळी कमी रक्त परत येतं आणि पंपावरचा भार उतरतो. काळजाच्या स्वतःच्या वाहिन्याही थोड्या मोकळ्या होतात. पण एक ध्यानात घ्या. वाहिनीत साचलेली चरबी या पट्टीनं जात नाही. पट्टी भार हलका करते, अडथळा काढत नाही.

सुरुंगातून आलेलं औषध

या औषधाचं नाव नायट्रोग्लिसरीन. काही पाकिटांवर ग्लिसरील ट्रायनायट्रेट असं लिहिलेलं असतं. दोन्ही एकच. नाव ऐकून काहीजण चमकतील, कारण हे मूळचं सुरुंगाचं द्रव्य आहे. इटलीतल्या सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते १८४७ साली तयार केलं. जिभेला जरासं लावलं तरी डोकं ठणकतं, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पुढे १८६७ साली आल्फ्रेड नोबेल यांनी त्यापासून डायनामाइट काढलं. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ साली तेच द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात हृदयशूळावर वापरून गुण आल्याचं छापलं. आणि गंमत अशी, की म्हातारपणी खुद्द नोबेल यांनाच छातीच्या दुखण्यावर हेच औषध सुचवण्यात आलं. औषध म्हणून देतात ते इतकं कमी आणि इतर पदार्थांत मिसळलेलं असतं, की त्याचा स्फोट होत नाही. ती भीती मनात ठेवू नका.

पण त्या सुरुंगाच्या कारखान्यांतून आपल्याला एक मोठा धडा मिळाला. तिथले कामगार सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले, की त्यांचं डोकं भयंकर दुखायचं. दोन-तीन दिवसांत दुखणं आपोआप थांबायचं. शरीराला त्या द्रव्याची सवय व्हायची. सुट्टीत सवय मोडायची आणि सोमवारी पुन्हा डोकं धरायचं. काही कामगार तर ही सवय मोडू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी टोपीच्या आतल्या पट्टीला ते द्रव्य थोडं चोळून ठेवायचे. म्हणजे ते कातडीतून आत जातं, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. आणि वर्षानुवर्षं हे काम केलेल्यांपैकी काहींना कामापासून दोन-तीन दिवस दूर राहिल्यावर छातीत जोराची कळ यायची. काही दगावलेही.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, हे द्रव्य सतत मिळत राहिलं तर शरीर त्याला दाद देईनासं होतं. दोन, सवय झालेल्या शरीराचं ते एकाएकी तोडलं तर काळजाला त्रास होऊ शकतो. पट्टीचे सगळे नियम या दोन गोष्टींवर उभे आहेत.

पट्टीला वाफसा हवा

आता तुमच्याच भाषेत सांगतो. पिकाला पाणी हवंच. पण रोज पाणी सोडून जमीन सारखी ओली ठेवली तर काय होतं? मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि पाण्यात उभं असलेलं पीक पिवळं पडतं. म्हणून आपण वाफसा येऊ देतो आणि मग पुढचं पाणी देतो. या औषधाचंही तसंच आहे. शरीराला दर दिवशी काही तास औषधाविना ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात सवय मोडते, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा नव्यासारखी काम करते.

१९८० नंतर या पट्ट्या प्रथम बाजारात आल्या, तेव्हा त्या चोवीस तास ठेवायला सांगत. पुढे रोग्यांवर चाचण्या झाल्या. त्यांत दिसलं, की चोवीस तास ठेवलेल्या पट्टीचा गुण पहिल्या दिवसातच ओसरतो. मोठी पट्टी लावली तरी ओसरतोच. तेव्हापासून नियम ठरला तो असा :

पट्टी रोज १२ ते १४ तास ठेवायची आणि १० ते १२ तास अंग मोकळं ठेवायचं.

बहुतेकांनी सकाळी ७ ला लावून संध्याकाळी ७-८ ला काढायची. घड्याळ पाहायची सवय नसेल तर कामाला जोडून घ्या. सकाळी डेअरीत दूध घालायला निघताना लावा, दिवेलागणीला काढा. पण प्रत्येकाचं दुखणं दिवसाच असतं असं नाही. काहींना रात्री झोपेत किंवा पहाटे त्रास होतो. काहींच्या शेतपंपाला अजून रात्रीच्या पाळीत वीज मिळते, आणि मध्यरात्री विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी लागते. असं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते पट्टीची वेळ बदलून देतील. मोकळे तास दिवसात ठेवायचे की रात्री, हे त्यांनी ठरवायचं. मोकळे तास ठेवायचेच, हे मात्र पक्कं.

पट्टी नसते त्या वेळात संरक्षण राहावं म्हणून डॉक्टर बहुधा दुसऱ्या जातीच्या गोळ्याही देतात. "पट्टी आहे ना, मग गोळ्या कशाला," असं म्हणून त्या सोडू नका.

पाकिटावरचा आकडा नीट वाचा

पट्टीच्या पाकिटावर आकडा दोन तऱ्हांनी लिहितात. कुठे "२४ तासांत ५ मिलिग्रॅम" असं असतं, तर कुठे "तासाला ०.२ मिलिग्रॅम" असं. दोन्ही एकच. तसंच २४ तासांत १० मिलिग्रॅम म्हणजे तासाला ०.४ मिलिग्रॅम.

इथे पुष्कळांची फसगत होते. पाकिटावर "२४ तास" छापलंय म्हणजे पट्टी २४ तास ठेवायची, असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा फक्त पट्टीतून औषध किती वेगानं बाहेर येतं हे सांगतो. ठिबकच्या तोटीवर तासाला ४ लिटर असं लिहिलेलं असतं, म्हणून आपण ठिबक किती तास चालवायचं ते त्या आकड्यावरून ठरवतो का? ते पिकावरून ठरवतो. तसंच हे.

सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमच्या पट्टीनं करतात. रक्तदाब पाहून, त्रास पाहून, गरज असली तर डॉक्टर वाढवतात. आपल्या मनानं ५ ची १० करू नका. एकाच्या जागी दोन लावू नका. महाग पडते म्हणून कात्रीनं अर्धीही करू नका. काही पट्ट्यांत औषध पिशवीसारखं भरलेलं असतं, ती कापली की सगळं एकदम बाहेर येऊ शकतं. फवारणीचं औषध लेबलावर लिहिलंय त्याच्या दुप्पट टाकलं म्हणून भुरी दुप्पट मरत नाही, उलट वेल होरपळतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

सकाळी पट्टी लावायला विसरलात तर आठवेल तेव्हा लावा, पण काढायची वेळ तीच ठेवा. घामानं पट्टी पडली तर दुसरी लावा, आणि तीही ठरल्या वेळीच काढा. राहून गेलेले तास रात्री भरून काढू नका.

कुठे आणि कशी लावायची

पट्टी लावण्याची जागा छातीवर किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली लावू नये. पट्टी काळजावरच बसली पाहिजे असं काही नाही. औषध रक्तातून जातं, ते कुठूनही पोचतं. जागा कोरडी, स्वच्छ हवी. तिथे जखम, पुरळ, घट्टा नसावा. केस असतील तर कात्रीनं कापा, वस्तऱ्यानं घासू नका, कारण सोललेल्या कातडीतून औषध जास्त शिरतं. तेल, मलम, बाम लावलेल्या जागी पट्टी धरत नाही.

लावण्याआधी अंगावर जुनी पट्टी उरली नाही ना, हे पाठ, खांदे, दंड पाहून खात्री करा. मग नवी पट्टी तळव्यानं दाबून बसवा आणि साबणानं हात धुवा. रोज जागा बदला, म्हणजे कातडी लाल होणार नाही. आंघोळीला हरकत नाही.

ज्यांच्या घरी पट्टी दुसरं कुणी लावून देतं, त्यांनी एक करावं. लावणाऱ्यानंच संध्याकाळी काढायची. त्या मावशींच्या घरी आता हाच नियम आहे. आणि सूनबाई सकाळी आधी म्हणते, "आत्याबाई, कालची दाखवा." मगच नवी.

निर्यातीची द्राक्षं करणारे तुम्ही लोक फवारणीची वही ठेवता. कोणतं औषध, किती, कधी, काढणीआधी किती दिवस बंद, सगळं लिहिता. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर पट्टी लावल्याची आणि काढल्याची वेळ लिहा. आठवड्यात छातीत किती वेळा दुखलं तेही लिहा. डॉक्टरांकडे जाताना ते पान दाखवा. दहा मिनिटांच्या बोलण्यात जे कळत नाही ते त्या पानावरून कळतं.

ऊन, शेकोटी आणि पट्टी

अंग तापलं की कातडीकडे रक्त जास्त वाहतं आणि पट्टीतलं औषध नेहमीपेक्षा भरभर आत जातं. म्हणून पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, वीट तापवून शेकू नका. एप्रिल-मेच्या उन्हात खरड छाटणी चालू असते. तेव्हा दुपारी बागेत काम करताना मध्ये मध्ये सावलीला बसा आणि पाणी पीत राहा. डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तर त्यांना विचारून प्या.

थंडीचं वेगळं. निफाडचा पारा किती खाली जातो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला, पाणी सोडायला तुम्ही जाता. गार वाऱ्यानं रक्तवाहिन्या आखडतात आणि नेमकी त्याच वेळी पट्टी काढलेली असते. हृदयशूळ असलेल्या माणसानं हे काम घरातल्या तरुणावर सोपवावं. जावंच लागलं तर कान आणि छाती झाकून, जिभेखालची गोळी खिशात ठेवून आणि सोबत माणूस घेऊन जावं. आणि पट्टी लावलेली असेल तर उघडी छाती शेकोटीवर धरू नये.

सुरुवातीच्या दिवसांत डोकं दुखतं. ते बहुधा काही दिवसांत कमी होतं. पॅरासिटामॉलची गोळी चालेल का ते डॉक्टरांना विचारून घ्या. उठताना चक्कर येते. बाजेवरून उठताना आधी क्षणभर बसा, मग उभे राहा. पहिले काही दिवस विहिरीत उतरणं, मांडवावर चढणं, ट्रॅक्टर चालवणं टाळा. चक्कर आलीच तर आडवे व्हा, पाय उंच करा. फार गळून गेल्यासारखं वाटलं तर पट्टी काढा आणि डॉक्टर गाठा.

अचानक दुखलं तर पट्टी नव्हे

हे सगळ्यांत महत्त्वाचं. पट्टीचा गुण यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणून दुखायला लागल्यावर पट्टी लावत बसू नका. पट्टी ही दुखू नये म्हणून आहे. दुखलं तर जिभेखालची गोळी आहे. सॉर्बिट्रेट म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे.

छातीत दुखलं की हातातलं काम टाका आणि बसा. उभ्यानं गोळी घेऊ नका, चक्कर येऊन पडाल. डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिलेली एक गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका. पाच मिनिटं पाहा. उतार पडला नाही, किंवा दुखणं वाढलं, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी आणखी गोळी घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घ्या, पण सगळ्या मिळून तीनच्या वर नाही.

दरदरून घाम, दम लागणं, उलटी, खूप घाबरं होणं, किंवा बसल्या जागी पंधरा-वीस मिनिटं टिकलेलं दुखणं, हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसतं पित्त झाल्यासारखं, जीव कासावीस झाल्यासारखं वाटतं. लिंबू-सोडा पीत, पोट चोळत रात्र काढू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या काही तासांत जितकं लवकर मिळेल तितकं काळीज वाचतं. स्वतः मोटारसायकल चालवत दवाखान्यात जाऊ नका.

शेजाऱ्याच्या छातीत दुखलं म्हणून आपली पट्टी किंवा गोळी त्याला उसनी देऊ नका. त्याचा रक्तदाब आधीच खाली गेलेला असेल, तर तुमचं पुण्य त्याच्या जिवावर बेतेल. उसनं मीठ द्या, साखर द्या. हे देऊ नका.

कशाबरोबर घेऊ नये

एक गोष्ट लाजून कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. पुरुषांची ताकद वाढवण्यासाठी ज्या गोळ्या मिळतात, सिल्डेनाफिल, टाडालाफिल आणि त्या जातीच्या, त्या ही पट्टी किंवा सॉर्बिट्रेट घेणाऱ्यानं अजिबात घेऊ नयेत. दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. पट्टी संध्याकाळी काढली म्हणजे रात्री ती गोळी चालते, असंही नाही. बाजारात ताकदीची म्हणून मिळणारी पुडी, चूर्ण यांतही कधीकधी हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडतं. आणि गेल्या दोन दिवसांत असलं काही घेतलं असेल, आणि छातीत दुखून तुम्हाला दवाखान्यात नेलं, तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. लाज धरू नका. तुमच्या एका वाक्यावर त्यांचा उपचार बदलतो.

पट्टी लावून दारू घेणं म्हणजे पडायची तयारी करणं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या दाखवा. कुठल्याही दवाखान्यात गेलात, एमआरआय काढायचा असला, तरी अंगावर पट्टी आहे हे आधी सांगा. काही पट्ट्यांत धातूचा पातळ पत्रा असतो, तो तापून कातडी भाजते.

काढलेली पट्टी रिकामी नसते

पट्टी काढली म्हणजे तिच्यातलं औषध संपलं, असं समजू नका. २४ तासांत ५ मिलिग्रॅम देणाऱ्या काही पट्ट्यांत आत २५ मिलिग्रॅम औषध भरलेलं असतं. म्हणजे काढलेल्या पट्टीत बहुतेक औषध तसंच शिल्लक असतं. ती ओट्यावर, उकिरड्यावर टाकली आणि रांगत्या पोरानं तोंडात घातली, किंवा कुत्र्यानं चघळली, तर जिवाशी गाठ आहे. काढल्याबरोबर चिकट बाजू आत करून दुमडा, कागदात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात टाका. काढलेली पट्टी उद्या पुन्हा लावू नका. नव्या पट्ट्या पोरांच्या हाताला न लागतील अशा थंड जागी ठेवा. पत्र्याखालच्या तापत्या फळीवर नको, आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीत तर मुळीच नको.

मधेच बंद करू नका

बरं वाटतंय म्हणून, किंवा पैसे नाहीत म्हणून, पट्टी एकाएकी सोडू नका. सुट्टीत कळ येणाऱ्या त्या कामगारांची गोष्ट आठवा. रोज रात्री काढणं वेगळं आणि कायमची सोडणं वेगळं. सोडायची तर डॉक्टर हळूहळू कमी करतील. खर्च परवडत नसेल तर तेही मोकळेपणानं सांगा, स्वस्तातली दुसरी गोळी असते. अडथळा किती आहे याची तपासणी करून घ्या. नाशिकला जिल्हा रुग्णालय आहे, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काळजाच्या कोणत्या उपचाराला मदत मिळते, त्याची तिथे चौकशी करा. तंबाखू-बिडी सोडणं हे मात्र तुमच्याच हातात आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. पट्टी रोज १२ ते १४ तास, मग १० ते १२ तास अंग मोकळं.
२. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही.
३. पाकिटावरचे २४ तास म्हणजे ठेवायचे तास नव्हेत.
४. दोन लावायच्या नाहीत, कापायची नाही, उसनी द्यायची नाही.
५. अचानक दुखलं तर बसून जिभेखालची गोळी. पाच मिनिटांत उतार नाही तर १०८.
६. ताकदीच्या गोळ्या कधीही नाहीत. दारू नाही.
७. काढलेली पट्टी दुमडून झाकणाच्या डब्यात.
८. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

हे पान कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवा, आणि पट्टी लावणाऱ्या घरच्या माणसाला एकदा वाचून दाखवा. ते आबा आता पट्टी दिवेलागणीला काढतात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जमिनीला वाफसा द्यायचा हे आम्ही पिढ्यानपिढ्या जाणतो. माणसालाही लागतो, हे कुठं ठाऊक होतं." बांधाचा चढ ते सावकाश चढतात, पण चढतात. तुम्हीही तसंच सांभाळून राहा. बाग पुढच्या वर्षी पुन्हा धरेल, माणूस आधी.

रामराम.